दुसरी बाही

काकूंचा उजवा हात मोडला, तेव्हा स्वेटरचीही उजवीच बाही राहिली होती. पाठ झाली होती, पुढचे दोन्ही पल्ले झाले होते, डावी बाही जोडूनसुद्धा झाली होती. उजवीला लोकर कमी पडेल म्हणून माळ्यावरची पिशवी काढायला काकू स्टुलावर चढल्या. त्या स्टुलाला तीन पाय होते आणि चौथ्या ठिकाणी पायासारखं काहीतरी होतं. "रविवारी ठोकून देतो," असं काकूंचे यजमान, म्हणजे सर, त्याबद्दल बरेच दिवस म्हणत होते. पण निवृत्त माणसाचे सगळेच वार रविवार असतात, त्यामुळे नेमका कुठला रविवार हे ठरायचं राहून गेलं होतं.

स्वेटर लेकीच्या बाळासाठी होता. लेक दुसऱ्या गावी, आठवा महिना लागलेला. "बाळ दवाखान्यातून घरी जाईल ते माझ्या स्वेटरात," असं काकूंनी लेकीला सांगितलं होतं, जावयाला सांगितलं होतं आणि जिन्यात भेटेल त्यालाही सांगितलं होतं. दुकानात स्वेटर मिळत नाहीत असं नाही. पण लेकीला दवाखान्यातून घरी आणलं होतं तेही काकूंच्याच स्वेटरात, आणि तो स्वेटर अजून कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या पहाऱ्यात होता. आता काकू प्लास्टर मांडीवर घेऊन खिडकीशी बसत आणि बोलत नसत. डॉक्टर म्हणाले होते, "प्लास्टर निघाल्यावर बोटांना व्यायाम द्यायचा, नाहीतर बोटं आखडतात." काकूंनी त्यातलं "बोटं आखडतात" एवढंच घरी आणलं होतं.

सरांना गेली कित्येक वर्षं घरात शांतता हवी होती. ती मिळाली आणि त्यांना घर खायला उठलं. चहात साखर नाही, हेसुद्धा काकू सांगेनात. चौथ्या दिवशी बिनसाखरेचा चहा दोघांनीही मुकाट्यानं पिऊन झाल्यावर सरांना राहवलं नाही.

"अगं, त्यात एवढं काय? मी विणतो बाही."

काकूंनी मान वळवली. "तुम्ही?"

"दोन सुया, एक दोरा. मी जन्मभर भूमिती शिकवलीय."

काकू हसल्या. हात मोडल्यापासून पहिल्यांदा हसल्या, तेही सरांना हसल्या. पण सरांना तेवढंही पुरलं. माणूस एकदा अशा हसण्याला भुलला की हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला तयारच असतो.

इथे सरांबद्दल थोडं सांगायला हवं. शाळेत ते गणित शिकवत, पण त्यांची कीर्ती गणितामुळे नव्हती. कीर्ती होती ती परीक्षेतल्या पहाऱ्यामुळे. सर वर्गावर आहेत म्हटल्यावर मुलं खिशातल्या चिठ्ठ्या दारातच टाकून आत येत. पाठमोरे असताना कोण कुठे बघतंय हे त्यांना कळे, आणि मग अंग न वळता नुसती मान वळे. म्हणून पोरं त्यांना घुबड म्हणत. सरांना ते माहीत होतं आणि आतून आवडतही होतं. शिकणं ही एकट्यानं, तोंड मिटून, आपल्याच वहीत बघून करायची गोष्ट आहे, असं त्यांचं ठाम मत. शिकवण्या त्यांनी आयुष्यात घेतल्या नाहीत. शिकवणीत पोरं एकमेकांना चिकटून बसतात आणि एकमेकांचं बघतात, हे त्यामागचं कारण होतं.

पहिला धडा काकूंनी तोंडी दिला.

"टाक्यात सुई घाला. मागून नाही हो, पुढून. आता लोकर वर घ्या. वर म्हणजे तुमच्या डोक्यावर नाही, सुईच्या वर. आता ओढा. अहो, एवढी नाही! ओढा म्हणजे हळूच काढा."

"मग ओढा कशाला म्हणतेस?"

"सगळे तसंच म्हणतात."

काकू डाव्या हातानं दाखवायला जात, प्लास्टर आडवं येई, सुई कोचाखाली जाई. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त इथे शेळी एकच होती आणि तिला भूमिती येत होती. संध्याकाळपर्यंत सुईवर जे जमलं त्याला काकूंनी नाव द्यायचंही नाकारलं.

मग सरांनी वाचनालयातून विणकामाचं पुस्तक आणलं. चष्मा पुसला, पेन्सिल घेतली, आकृत्यांना अ, ब, क अशी नावं दिली आणि सुलटा टाका व उलटा टाका ही एकाच क्रियेची दोन बाजूंनी दिसणारी रूपं आहेत असं निर्विवाद सिद्ध केलं. सिद्धता इतकी सुंदर होती की फळ्यावर मांडली असती तर सरांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या असत्या. मग त्यांनी सुया हातात घेतल्या. बोटांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं.

समोरच्या ब्लॉकमधल्या मेट्रनबाई काकूंचं प्लास्टर बघायला आल्या त्या नेमक्या याच वेळी. दवाखान्यातून निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती, पण त्या अजून कुठल्याही घरात वॉर्डात शिरावं तशा शिरत. त्यांनी काकूंची बोटं दाबून बघितली, सरांच्या हातातला गुंता बघितला आणि जास्त गंभीर रुग्ण कोण हे ओळखलं.

"सरका," त्या म्हणाल्या आणि सरांशेजारी बसून सुया चालवायला लागल्या. "माझ्या हाताकडे बघा."

सर छताकडे बघायला लागले.

"सर, इकडे."

"नको, नको. तुमचं चालू द्या. मी माझं करतो."

"अहो, पण बघितल्याशिवाय येणार कसं?"

बघायला सरांची ना नव्हती, पण शेजारच्याच्या हाताखालचं बघायचं म्हटलं की मान आपोआप दुसरीकडे वळत होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या माना सरळ करता करता त्यांची स्वतःचीच मान कायमची सरळ होऊन बसली होती. शेवटी मेट्रनबाई काकूंशी बोलायला वळल्या, तेव्हा सरांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून हळूच बघितलं. साठी ओलांडलेला माणूस आपल्याच घरात, आपल्याच कोचावर, चोरून बघत होता! आणि बघता बघता त्यांच्या सुईवर एक टाका आला. खराखुरा, सुटा, देखणा टाका. सर त्याच्याकडे बघतच राहिले. पुस्तकात एवढी पानं खर्ची घालून जे आलं नव्हतं, ते नुसतं बघून आलं कसं? हे त्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं, पण समजावून सांगण्याचं खातं तर आजवर त्यांच्याचकडे होतं.

दुसरा टाका मात्र येईना. तिसराही उलट्या दिशेनं पळाला. बऱ्याच तपासाअंती कारण सापडलं: मेट्रनबाई डावऱ्या होत्या.

"शेजारी बसून बघितलंत तर सगळं उलटं होणार," त्या म्हणाल्या. "समोर बसा. आरशात बघितल्यासारखं."

पण सरांच्या बाहेरच्या खोलीत दोन माणसं समोरासमोर बसली की गुडघे अडकत. तिथे कोच होता, कपाट होतं आणि कपाटात सरांनी जपलेले जुने पेपर होते. मग मेट्रनबाईंची खुर्ची दाराबाहेर पॅसेजमध्ये गेली, सरांची उंबऱ्याच्या आत राहिली, आणि मधून लोकर गेली. या सगळ्या प्रकरणात पुढे जे जे घडलं ते त्या एका खुर्चीमुळे घडलं.

कारण पॅसेजमधून माणसं जातात, आणि माणूस जाताना थांबतो.

पहिले थांबले ते तिसऱ्या मजल्यावरचे विमावाले. विमावाल्यांनी जन्मात सुई हातात धरली नव्हती, त्यामुळे त्यांचा सल्ला अगदी निःपक्षपाती असे. "सर, तुमचा खांदा चुकतोय," ते म्हणाले. "विणकाम हे खांद्यातून यायला पाहिजे." मग श्वास कसा घ्यावा ते सांगितलं. मग त्यांचे एक मेहुणे गालिचे विकत, त्यांची हकीकत सांगितली. विमावाले बोलताना दोन्ही हात हलवत. मेट्रनबाईंनी त्यांचे दोन्ही हात पुढे करायला लावले, त्यांवर लोकरीची लडी चढवली आणि गुंडा करायला घेतला. हात बांधले गेल्याबरोबर विमावाल्यांचं बोलणं बंद पडलं. ही गोष्ट त्यांच्या बायकोच्या कानावर गेली तेव्हा तिनं लोकर कुठे मिळते ते विचारून घेतलं.

दुसरी थांबली ती दुसऱ्या मजल्यावरची बँकवाली. ती सरांची जुनी विद्यार्थिनी. सहामाहीच्या पेपरात मान वाकडी केली म्हणून सरांनी तिला एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता ती बँकेत अधिकारी होती आणि येता-जाता सरांना अजून वाकून नमस्कार करी. सर चोरून बघतायत हे तिनं लांबूनच ओळखलं. या विषयात तिचा अधिकार मोठा होता.

"सर, असं नाही बघायचं," ती वाकून हळूच म्हणाली. "असं बघितलं की धरतात. सरळ बघा. आता कोण धरणार तुम्हाला?"

सर ओशाळले. "तू त्या दिवशी नक्की काय बघत होतीस गं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"उत्तर नव्हते बघत सर. बाकीच्यांनी लिहायला सुरुवात केलीय का, एवढंच. सगळ्या लिहीत असल्या की मलाही लिहिता यायचं."

इतकी वर्षं सर परीक्षेच्या वर्गातून फिरले, आणि तिथे बघण्याचे एवढे प्रकार असतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. घुबडाला सगळं दिसतं खरं, पण लांबून.

बँकवालीला मोज्याची टाच जमत नव्हती, ती काकूंना येत होती. मेट्रनबाईंना टाके बंद करायचा नवा प्रकार हवा होता, तो बँकवालीला येत होता. विमावाल्यांना काहीच येत नव्हतं, पण त्यांना कुठे गाठ पडली हे सगळ्यांच्या आधी दिसायचं. काकू आधी खिडकीजवळून ओरडत, मग कोचावरून, मग एक दिवस आपणहून उठून दारातल्या खुर्चीत येऊन बसल्या. "अगं, टाच वळवताना मधले टाके धरायचे. हां! आता सोड. अहो, तुम्ही कुठे बघताय? तुमची लोकर पुढे आलीय, मागे न्या." त्यांचा आवाज आता जिन्यापर्यंत जाई. चहात साखर कमी असल्याचं त्यांनी पुन्हा सांगायला सुरुवात केली. सरांनी तो चहा अमृतासारखा प्यायला.

एक वाईट सवय मात्र सरांची जाईना. सगळे खाली माना घालून विणायला लागले की ते नकळत उठत, हात पाठीमागे बांधत आणि खुर्च्यांमधून फेऱ्या मारायला लागत. ते जवळ आले की बँकवाली नकळत आपलं विणकाम कोपरानं झाकी. "बसा हो!" काकू ओरडत. "तुमचीच बाही राहिलीय!"

आणि मग सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली.

'पहिल्या मजल्यावर अनधिकृत शिकवणी वर्ग चालू असल्याचे निदर्शनास आले आहे. सामायिक पॅसेजचा व्यावसायिक वापर करणाऱ्या सभासदाने तात्काळ खुलासा करावा.'

सरांनी ती नोटीस उभ्यानं वाचली, मग चष्मा काढून वाचली, मग जिन्याचा कठडा धरून वाचली. शिकवणी! ज्या माणसानं मुख्याध्यापकांसमोरही नाकावर माशी बसू दिली नव्हती, ज्यानं भल्याभल्यांची पोरं दारातून परत पाठवली होती, त्याच्यावर शिकवणीचा आरोप! आणि तोही अशा वर्गाबद्दल, जिथे सर्वांत ढ विद्यार्थी तो स्वतः होता! फेऱ्या मारणं महागात पडलं होतं. लांबून बघणाऱ्याला हात मागे बांधून फिरणारा माणूस मास्तरच वाटणार.

पंपाशेजारच्या खोलीत सोसायटीचं ऑफिस होतं. सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त प्रत्येक गोष्टीसाठी एक खण लागे, आणि त्या खणात न बसणारी गोष्ट घडलेली त्यांना खपत नसे. त्यांनी सरांना खुर्ची दिली आणि अर्ज पुढे केला.

"वर्ग चालवायला हरकत नाही सर. रीतसर परवानगी घ्या. इथे शिक्षकाचं नाव लिहा, इथे विद्यार्थ्यांची संख्या."

"मी शिक्षक नाही. मी शिकतोय."

"मग शिकवणाऱ्याचं नाव लिहा."

"मेट्रनबाई," सर म्हणाले. मग थांबले. "पण टाच आमच्या सौ. शिकवतात. बँकवाली टाच शिकतेय. टाके बंद करणं तीच मेट्रनबाईंना शिकवते, पण गुंता कुठे आहे ते विमावाले दाखवतात."

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. "सर, असं चालत नाही. एक शिकवणारा लागतो, बाकीचे शिकणारे. नाहीतर तो वर्ग होत नाही."

"मग नाही होत! मी तेच सांगतोय."

"वर्ग नसेल तर तो मेळावा. मेळाव्याचा अर्ज वेगळा." त्यांनी दुसरा कागद काढला. "हेतू: आनंदाचा की दुःखाचा?"

सरांनी बाही डोळ्यांपुढे आणली आणि खरोखर विचार केला. "अजून सांगता येत नाही," ते म्हणाले.

शेवटी सेक्रेटरी स्वतःच पाहणीला आले. हातात मोजायची टेप होती. पॅसेज किती अडतोय ते मोजून अहवाल लिहायचा होता. त्यांना येताना बघून सगळ्यांच्या सुया थांबल्या. विमावाले लडीत हात अडकलेले असल्यानं उठूही शकले नाहीत.

"कृपया कोणी घाबरू नका," सेक्रेटरी म्हणाले, त्यामुळे सगळे घाबरले. "मला फक्त एवढंच सांगा, इथे शिकवतं कोण?"

मेट्रनबाईंनी काकूंकडे बोट दाखवलं. काकूंनी प्लास्टर उचलून मेट्रनबाईंकडे दाखवलं. बँकवालीनं दोघींकडे दाखवलं. विमावाल्यांना बोट दाखवता येईना म्हणून त्यांनी हनुवटी सरांकडे केली.

"पाहिलंत?" सेक्रेटरी सरांना म्हणाले.

सर उठले. त्यांचा अपमान झाला होता आणि अपमान झाला की त्यांचा आवाज वर्गातला होई. "साहेब, या विषयात मी आयुष्य घालवलंय, म्हणून मला बोलू द्या. ही बाई त्या बाईचं बघते. ती बाई हिचं बघते. मी सगळ्यांचं बघतो. बोलणं चालू आहे, जागा बदलणं चालू आहे, एकाचं काम दुसरा पुरं करतो आणि कोणाचं कोणतं ते कोणालाच सांगता येणार नाही. याला शिकवणी म्हणत नाहीत. याला सामूहिक कॉपी म्हणतात!"

बँकवालीनं तोंडावर मोजा धरला.

सेक्रेटरींनी उपविधींचं पुस्तक चाळलं. पुढून चाळलं, मागून चाळलं. "कॉपीबद्दल यात काही नाही," ते शेवटी म्हणाले. आणि मग, नियम संपल्यावर माणसाला जी मोकळीक मिळते त्या मोकळिकीनं, त्यांनी खाली वाकून सरांच्या मांडीवरची बाही उचलली. "बाळासाठी ना ही?"

"हो."

"केवढं आहे बाळ?"

सेक्रेटरींनी टेप लावली. आधी डाव्या बाहीला, मग उजवीला. मग पुन्हा डावीला. प्रत्येकानं येता-जाता, 'द्या सर, दोन ओळी घालते' म्हणून दोन ओळी घातल्या होत्या. एकीचे टाके घट्ट, एकीचे सैल. आणि सरांची लोकर सारखी पुढे येऊन प्रत्येक ओळीत एखादा टाका आपणहून जन्माला येत होता. मनगटाशी बाळाची असलेली बाही कोपराशी सरांची झाली होती, आणि खांद्याशी ती विमावाल्यांनाही सैल बसली असती.

"मंजूर नकाशापेक्षा बरंच वाढीव बांधकाम आहे," सेक्रेटरी म्हणाले.

काकू हसायला लागल्या. प्लास्टर मांडीवर आपटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यातलं पाणीच राहिलं आणि हसू गेलं. दिवस थोडे होते, आणि बाही उसवण्याशिवाय इलाज नव्हता.

सेक्रेटरींनी जाताना निकाल दिला: पॅसेजमध्ये बसायला हरकत नाही, परंतु एकाच बाजूला, भिंतीशी ओळीनं. समोरासमोर बसायचं नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट हवी. निकाल न्याय्य होता आणि सरांच्या मुळावर आला. समोरासमोर नाही म्हणजे आरसा नाही, आरसा नाही म्हणजे मेट्रनबाई नाहीत. सरांना आता भिंतीशी लावलेल्या बाकावर एकट्यानं, आपल्याच सुयांकडे बघून शिकावं लागणार होतं. जन्मभर त्यांनी याच पद्धतीचा पुरस्कार केला होता.

बाही उसवली. विमावाल्यांच्या हातांवर ती पुन्हा लडी होऊन बसली. सरांनी पहिल्यापासून टाके घातले, आणि यावेळी "दोन ओळी घालते" म्हणणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हटलं. बाही बाळाएवढी राहिली, पण तिचा वेग गोगलगाईला शोभेल असा होता. त्यातच काकूंचं प्लास्टर निघालं. आतून निघाला तो हात काकूंना ओळखू येईना. बारीक, पांढुरका, बोटं अर्धवट मिटलेली. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. काकूंनी तो घरी येऊन खणात टाकला आणि हात शालीखाली घेतला.

"बोटं विसरली सगळं," त्या म्हणाल्या. पुन्हा खिडकीशी बसल्या.

आणि त्याच दिवशी जावयाचा फोन आला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. परवा घरी सोडतील.

बाही शेवटी पुरी झाली आणि बाळ त्या स्वेटरातच घरी गेलं, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. मनगटाशी एक टाका गळलेला होता, त्या भोकातून बाळानं अंगठा बाहेर काढला आणि तसंच झोपलं. त्याचा फोटो सेक्रेटरींनी नोटीस होती त्याच जागी फलकावर लावला. पण सांगायची गोष्ट ती नव्हे. खरी गोष्ट घडली ती त्याच्या आदल्या दुपारी.

बाही निम्मी झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीनं निघायचं होतं. मेट्रनबाई आणि बँकवाली घाईनं काहीतरी करायला येणार होत्या, पण अजून यायच्या होत्या. सर पॅसेजमधल्या बाकावर बसून विणत होते. त्यांनी शेजारी दुसऱ्या दोन सुया ठेवल्या होत्या आणि त्यांतल्या एकीवर थोडे टाके घालून ठेवले होते. कोणाला काही म्हणाले नव्हते. "जमेल तुला" असं म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते वाक्य त्यांनी जन्मभर ढ मुलांना ऐकवलं होतं आणि त्यानं एकालाही जमलेलं त्यांना आठवत नव्हतं.

बऱ्याच वेळानं काकू बाहेर आल्या. "चहा गार झाला तुमचा," म्हणाल्या. चहा आणलेला नव्हता. मग बाकावर बसल्या. मग उजवा हात शालीतून बाहेर आला आणि सुईवर जाऊन नुसता पडला. बोटं सुई धरीनात. धरली तर लोकर सुटे. एकदा सुई खाली पडली, ती सरांनी उचलली नाही; काकूंनीच वाकून डाव्या हातानं उचलली.

सरांना जाणवलं.

ते जाणवणं त्यांच्या ओळखीचं होतं. मान न वळवता, अंगावर काहीतरी हलकेच बसल्यासारखं कळायचं की शेजारून कोणीतरी बघतंय. काकू बघत होत्या, आपल्या नव्हे, सरांच्या सुयांकडे. डोळ्यांच्या कोपऱ्यातून, चोरून. सरांची सुई टाक्यात शिरली की काकूंचीही शिरत होती. सरांनी लोकर वर घेतली की त्यांची वर जात होती. ज्या हातांनी सरांना काहीच शिकवता आलं नव्हतं, ते आता सरांच्या हातांचं बघून स्वतःचंच जुनं काम आठवत होते.

जुन्या सवयीनं त्यांची मान वळायला निघाली. त्यांनी ती अर्ध्यात थांबवली. मग दोन्ही हात किंचित डावीकडे, काकूंच्या बाजूला सरकवले, बाही नीट दिसेल अशी कलती धरली आणि टाके सावकाश घालायला लागले.

थोडा वेळ नुसता सुयांचा आवाज येत राहिला. एक आवाज चालणारा, एक अडखळत मागून येणारा.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या. "तुमचा तिसरा टाका चुकलाय."

सरांनी पॅसेजमध्ये इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं.

"तेवढा सोड," ते कुजबुजले, "बाकीचं उतरव."